हवाईच्या वाटेवरचे नऊ दिवस: बोटीवर दिवस कसा घालवावा?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय 66 आणि यजमानांचे 71. यजमान वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात कॅलिफोर्नियात सॅन होझे येथे असतात. येत्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून हवाई बेटांना जाऊन परत येणारी पंधरा दिवसांची क्रूझ मुलाने सर्वांसाठी ठरवली आहे. ताई लिहितात: "बेटांवरचे चार दिवस आणि मेक्सिकोतला थोडा वेळ सोडला, तर उरलेले नऊ दिवस बोट नुसती चालत राहणार आणि चहूकडे पाणीच पाणी. ह्यांना घरात एक दुपार रिकामी गेली तरी चैन पडत नाही. मला बोट लागेल ही धास्ती वेगळीच. केबिन तर वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या टोकाला मिळाली आहे. मुलगा आणि सून वर्षभर राबून ही सुट्टी काढणार आणि आम्ही दोघे त्यांच्या पायात पायात करणार. शाकाहार, उपवास, देवपूजा यांचे कसे होणार तेही कळत नाही. आम्ही येत नाही, तुम्हीच जाऊन या, असे सांगावे का?"

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही दोघांनी जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्या नऊ दिवसांसाठीच जावे, असे मी म्हणेन. हवाईची बेटे विमानाने पाच-सहा तासांत गाठता येतात. पण त्या बेटांभोवती केवढा समुद्र पसरला आहे, हे विमानातून अजिबात कळत नाही. तुमची बोट सॅन फ्रान्सिस्कोहून निघून गोल्डन गेट पुलाखालून बाहेर पडेल आणि सुमारे 2,000 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 3,700 किलोमीटर, एकही बेट न लागता चालत राहील. वेग ताशी वीस सागरी मैलांच्या आसपास असल्यामुळे मध्ये चार पूर्ण दिवस जातात. परतीच्या वाटेवरही तसेच चार दिवस, मग मेक्सिकोतल्या एन्सेनाडा बंदरात काही तासांचा थांबा आणि त्यानंतर आणखी एक दिवस समुद्रात, असा तुमचा हिशेब जुळतो. एन्सेनाडाला का थांबायचे, असा प्रश्न तुमच्या यजमानांना नक्की पडेल. अमेरिकेच्या 1886 च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या प्रवासी जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये फिरून प्रवाशांना परत आणता येत नाही, वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. म्हणून हा वळसा आहे. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा सोबत लागतील आणि व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असल्याची खात्री मुलाने आधीच करून घ्यावी.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येते. दिवस रिकामा जाईल, अशी तुम्हाला भीती वाटते. प्रत्यक्षात नव्या प्रवाशांची अडचण बहुधा उलटी असते. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये किंवा जहाजाच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो, आणि त्यात सकाळी सातच्या व्यायामापासून रात्री उशिराच्या नाचगाण्यापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काही ना काही लिहिलेले असते. पैसे भरले आहेत तर काहीच सुटायला नको, या भावनेने माणसे पहिल्या दिवशी सगळीकडे धावतात, दुसऱ्या दिवशी थकतात आणि तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये पडून राहून कंटाळा आल्याची तक्रार करतात. म्हणून तुम्ही त्या यादीतून दोनच गोष्टी निवडा, एक सकाळची आणि एक दुपारची, आणि त्या रोज त्याच ठेवा. रोज त्याच वेळी त्याच जागी गेले की तिथे तीच माणसे भेटतात, तिसऱ्या दिवशी ती तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवतात आणि एखाद्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत तर चौकशीही करतात. आपल्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा जसा जमतो, तसेच हे जमते. लांबच्या क्रूझवर वरचेवर जाणारे लोक करमणुकीपेक्षा या ओळखींवरच दिवस काढतात, असे मी पाहिले आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की तुम्हाला क्रोशाची आवड आहे. ती सुई आणि दोऱ्याचे तीन-चार गुंडे सामानात अवश्य घ्या. समुद्रातल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या लाउंजमध्ये विणकाम करणाऱ्या प्रवाशांचा गट जमण्याची प्रथा बहुतेक मोठ्या जहाजांवर आहे. त्याला शिकवणारे कोणी नसते आणि पैसेही पडत नाहीत. तिथे इंग्रजी किती येते याला फारसे महत्त्व राहत नाही. शेजारची बाई तुमच्या हातातली नक्षी पाहते, तिच्या सुईवर तेच टाके घालून पाहते, चुकते, तुम्ही तिचा धागा उसवून दाखवता आणि तासाभरात तुम्हाला एकमेकींच्या नातवंडांची नावे माहीत झालेली असतात. हवाईच्या फेऱ्यांवर याशिवाय उकुलेले वाजवायला, हुला नृत्य करायला आणि फुलांच्या किंवा कागदाच्या माळा गुंफायला शिकवणारे वर्गही असतात. उकुलेले हे चार तारांचे छोटे वाद्य मूळचे हवाईचे नाही. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून 1879 मध्ये उसाच्या मळ्यांत कामाला आलेल्या लोकांनी आपली छोटी तंतुवाद्ये तिथे नेली आणि त्यांतून ते घडले. जाताना शिकायला लागलेली मंडळी परतीच्या शेवटच्या दिवशी सगळ्या प्रवाशांसमोर दोन-तीन गाणी सादर करतात. तुमची नात यात रमेल आणि तिच्याबरोबर तुम्हीही बसा. साठीपुढचे विद्यार्थीच त्या वर्गात अधिक असतात.

तुमच्या यजमानांची मला मुळीच काळजी वाटत नाही. ज्याने आयुष्यभर वीजवाहिन्यांचा हिशेब ठेवला, त्याला मोजण्यासारखे बोटीवर भरपूर सापडते. रोज दुपारी बाराच्या सुमारास कॅप्टन किंवा त्याचा अधिकारी ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, चोवीस तासांत कापलेले अंतर, वाऱ्याचा वेग आणि पाण्याचे तापमान सांगतो, आणि केबिनमधल्या टीव्हीवर नकाशाची एक वाहिनी दिवसभर चालू असते. त्यांना एक जाड वही आणि उत्तर पॅसिफिकचा एक कागदी नकाशा घेऊन द्या. रोजची जागा नकाशावर ठिपक्याने दाखवायची आणि शेजारी तापमान लिहायचे, एवढे केले तरी चार दिवसांत एक सुरेख गोष्ट त्यांच्या लक्षात येईल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड प्रवाह येतो, त्यामुळे फेब्रुवारीत तिथले पाणी बारा-तेरा अंशांचे असते. हवाईजवळ तेच चोवीसच्या आसपास जाते. पहिल्या दिवशी डेकवर स्वेटर आणि कानटोपी लागेल, तिसऱ्या दिवसापासून सुती सदरा पुरेल. पाण्याचा रंगही हिरवट राखाडीवरून गडद निळ्याकडे जातो.

रात्रीचे काम याहून चांगले आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितका त्या जागेचा अक्षांश असतो, हे त्यांना ठाऊक असेलच. हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. सॅन फ्रान्सिस्को 38 अंशांवर आहे, म्हणजे निघाल्या रात्री ध्रुव जवळजवळ चार मुठी उंच असेल. त्यानंतर प्रत्येक रात्री तो थोडा थोडा खाली येत जाईल आणि हवाईतल्या हिलो बंदराच्या आदल्या रात्री दोन मुठींवर येऊन थांबेल. हिलोचा अक्षांश सुमारे 19.7 आणि नाशिकचा 20, तेव्हा घराच्या गच्चीवरून जितक्या उंचीवर ध्रुव पाहिला, तितक्याच उंचीवर तो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पुन्हा दिसेल. त्यासाठी पोहण्याच्या तलावाजवळचे झगझगीत दिवे टाळून पुढच्या बाजूची अंधारी डेक शोधावी, ढग नसलेली रात्र साधावी आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस मिनिटे तरी द्यावीत. नातीला बरोबर न्यावे. एवढा काळोख सॅन होझेमध्ये तिला कधी मिळणार नाही.

बोटीवरच्या व्याख्यानांकडेही त्यांनी लक्ष ठेवावे. हवाईच्या वाटेवर ज्वालामुखी, देवमासे आणि पॉलिनेशियन लोकांचे नौकानयन हे विषय हमखास असतात. 1976 मध्ये होकुलेआ नावाची दुहेरी होडी मायक्रोनेशियाचे नाविक माउ पियाइलुग यांनी कोणत्याही उपकरणाविना, तारे आणि लाटा वाचत, हवाईहून दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटापर्यंत नेली. ती हकीकत भर समुद्रात, चहूकडे तेच पाणी दिसत असताना ऐकणे हा अगदी निराळा अनुभव आहे. देवमाशांच्या व्याख्यानाला तर सर्वांनीच जा, कारण तुम्ही जात आहात तो फेब्रुवारी महिना हंपबॅक देवमाशांचा हवाईतला मोसम आहे. ते अलास्काकडच्या थंड पाण्यातून पिले देण्यासाठी तिथे येतात, आणि बेटे जवळ आली की बोटीच्या डेकवरूनही त्यांचे फवारे दिसू शकतात.

नुसते पाहत बसणे हाही एक कार्यक्रम आहे, आणि तो फुकट आहे. सुरुवातीच्या दिवसांत काळ्या पायांचे अल्बट्रॉस पक्षी पंख क्वचितच हलवत बोटीमागून येताना दिसतात. बेटे जवळ येऊ लागली की बोटीच्या चाहुलीने उडणारे मासे पाण्यातून उसळून चकाकत दूर जातात, आणि बूबी जातीचे समुद्रपक्षी बोटीच्या पुढच्या टोकाशी वाऱ्यावर तरंगत नेमकी त्याच क्षणाची वाट पाहत असतात. मासा हवेत आला की पक्षी पंख मिटून सरळ खाली सुटतो. दुर्बीण असेल तर घ्या, आणि या दृश्यासाठी सकाळची वेळ ठेवा.

आता बोट लागण्याविषयी. इथे तुमची काळजी रास्त आहे आणि उपाय आजच करण्यासारखा आहे. उंच मजल्यावरच्या पुढच्या टोकाच्या केबिनमध्ये हेलकावे सर्वांत अधिक जाणवतात. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर ते सर्वांत कमी असतात. मुलाला केबिन बदलायला सांगा, मग बाल्कनी सोडावी लागली तरी हरकत नाही. खिडकी असलेली मधली केबिन तुमच्यासाठी बाल्कनीपेक्षा अधिक सुखाची ठरेल. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा दूरवर येतात, त्यामुळे पहिला दीड-दोन दिवसांचा टप्पा बहुधा हलता असतो आणि पुढे ईशान्य वारे सुरू झाले की तो निवळतो. गोळी घ्यायची असेल तर ती बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मात्र एव्होमाइन काय किंवा अमेरिकेत मिळणारी मेक्लिझिन काय, या गोळ्यांनी झोप येते आणि तोल जातो. ज्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. तुमच्या यजमानांचे वय पाहता निघण्यापूर्वी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून दोघांसाठी चिठ्ठी लिहून घ्यावी. बाकी उपाय साधे आहेत: पोट रिकामे ठेवू नये, आल्याची वडी तोंडात धरावी, वाचन आणि मोबाइल बाजूला ठेवून डेकवर क्षितिजाकडे पाहत बसावे. वेटरला सांगितले तर तो हिरवे सफरचंद आणि खारी बिस्किटे आणून देतो. हलत्या बोटीत जिन्यावर एक हात कठड्याला असलाच पाहिजे आणि न्हाणीघराच्या उंबरठ्यावर पाय उचलून टाकला पाहिजे. या वयात बोट लागण्यापेक्षा पडण्याचे भय मोठे आहे.

प्रकृतीच्या बाबतीत एक गोष्ट मी जरा जोर देऊन लिहिते. बोटीवर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण त्याचे बिल वेगळे लागते आणि ते बरेच मोठे असते. वाटेच्या मधल्या दिवसांत बोट दोन्ही किनाऱ्यांपासून इतकी दूर असते की हेलिकॉप्टरही तिथवर पोहोचू शकत नाही. तेव्हा जुन्या आजारांसह संरक्षण देणारा प्रवास विमा घ्यावा, रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना ते वाचून पाहावे, औषधे आवश्यकतेच्या दुप्पट घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये पहिल्या दिवशी उशिरा पोहोचतात. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पोटाचा जो विषाणू पसरतो, त्यावर दाराशी ठेवलेले सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

घड्याळाचाही मेळ घालावा लागेल. फेब्रुवारीत हवाईचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या दोन तास मागे असते, त्यामुळे जाताना दोन रात्री प्रत्येकी एक तास अधिक झोप मिळते आणि येताना तोच तास दोनदा परत द्यावा लागतो. मोबाइल समुद्रात चुकीची वेळ दाखवू शकतो, म्हणून मनगटावर साधे घड्याळ बांधा आणि केबिनमधल्या टीव्हीवरची वेळ प्रमाण माना. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ यात कशी सांभाळायची, ते डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्या. नाशिकला फोन करायचा असेल तर हवाईत रात्रीचे आठ वाजलेले असताना घरी दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. बोट सुटल्याबरोबर मोबाइल विमान मोडवर टाकावा, नाहीतर जहाजाच्या मोबाइल नेटवर्कचे बिल पाहून धक्का बसेल. वायफाय महाग असते. सगळ्या कुटुंबात मिळून एक जोडणी घ्या, दिवसाकाठी एकदा घरी निरोप पाठवा, तेवढे पुरे.

शाकाहाराची गैरसोय आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, पण ती आपोआप दूर होत नाही, सांगावे लागते. मुलाने आरक्षणात भारतीय शाकाहारी जेवणाची नोंद करावी, आणि पहिल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः जेवणघरातल्या मुख्य वेटरला भेटावे. अंडे, मांसाचे सूप आणि जिलेटिन चालत नाही, हे स्पष्ट सांगावे; केकमध्ये अंडे आणि सूपमध्ये मांसाचा रस असतो हे आपल्या लक्षात येत नाही. मग बहुतेक जहाजांवर तो आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे जेवण विचारून घेतो आणि डाळ, भात, एखादी भाजी, पोळीसारखे काहीतरी करून आणतो. जहाजांवरच्या स्वयंपाकघरांत आणि जेवणघरांत गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुले पूर्वापार काम करत आली आहेत, आणि तुमच्याशी मराठीत किंवा कोकणीत बोलणारा कोणीतरी भेटण्याची शक्यता चांगली आहे. भेटला तर त्याच्याशी आस्थेने बोला. तो महिनोन् महिने घरापासून दूर असतो. उपवासाला साबुदाणा मिळणार नाही, पण फळे, दूध, दही, भाजलेला बटाटा आणि दाणे रोज मिळतात. घरचा फराळ बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, दुकानातली बंद पाकिटे चालतात. तेव्हा चिवडा, लोणचे, मेतकूट पाकीटबंद घ्या. विजेची किटली, इस्त्री, छोटा कुकर यांपैकी काहीही नेऊ नका, बोटीवर चढतानाच ते काढून घेतात. बोटीवरचे फळ हाती घेऊन हवाईत उतरू नये. शेतीला कीड लागू नये म्हणून तिथले नियम कडक आहेत.

देवपूजेविषयी: निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती यांना केबिनमध्ये सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण भर समुद्रात आगीइतके मोठे संकट नाही. देवाचा छोटा फोटो, स्तोत्राची पोथी आणि जपमाळ पुरेशी आहे. पहाटे डेक जवळजवळ रिकामी असते, स्तोत्र म्हणायला तिथे बसावे. सूर्य थेट पाण्यातून वर येताना दिसतो.

आता तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग, म्हणजे मुला-सुनेच्या पायात येण्याची धास्ती. तो प्रश्न सुटायला बोटीची उलट मदतच होते, कारण घरात जे अंतर ठेवता येत नाही ते इथे सहज ठेवता येते. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, आवराआवर नाही, आणि कोणी कोणासाठी खोळंबायचे कारण नाही. निघण्यापूर्वीच मुलाशी आणि सुनेशी मोकळेपणी ठरवून घ्या की समुद्रातल्या दिवशी सर्वांनी एकत्र भेटायचे ते संध्याकाळच्या जेवणाला. तोपर्यंत प्रत्येकाचा दिवस त्याचा त्याचा. सून दुपारी बारापर्यंत झोपली, तर ती झोपू दे. तिला उठवून नाश्त्याला चल म्हणू नका आणि तिच्यासाठी ताट भरून केबिनमध्ये नेऊही नका. तुमच्या प्रेमापोटी केलेली ती गोष्ट तिला सुट्टीतही आपण कोणाच्या देखरेखीखाली आहोत असे वाटायला लावील. नातीसाठी मुलांचा क्लब असतो, तिथे तिला तिच्या वयाच्या मैत्रिणी मिळतील, आणि तिला ज्या वेळी तुमच्याबरोबर यायचे असेल त्या वेळी ती येईल. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी मात्र नातीला तुम्ही सांभाळून मुला-सुनेला दोघांनाच जेवायला पाठवा. हे त्यांनी मागण्याची वाट पाहू नका, तुम्हीच सुचवा.

सकाळचा नाश्ता तुम्ही दोघांनी मोठ्या जेवणघरात अनोळखी लोकांच्या टेबलावर घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवते. दाराशी वेटर विचारतो, वेगळे टेबल की इतरांबरोबर. इतरांबरोबर, असे सांगा. कुठून आलात, यापूर्वी बोटीने कुठे गेला होतात, मुले किती, एवढ्यावर संभाषण सुरू होते आणि ते चालवण्यापुरते इंग्रजी तुमच्याकडे नक्की आहे. दुपारी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा होते, तिथे बहुधा सहा-सहा जणांचे गट लागतात, आणि भारताविषयीचे प्रश्न येऊ शकतात म्हणून भारतीय माणसाला गटात घ्यायला लोक उत्सुक असतात. यजमानांना तिथे बसवा. जुगाराच्या दालनाकडे, पैसे लावून खेळायच्या बिंगोकडे आणि चित्रांच्या लिलावाकडे मात्र वळू नका. समुद्रातल्या दिवशी प्रवासी कुठे जाऊ शकत नाहीत, हे ओळखूनच ही विक्री त्या दिवसांत जोरात चालते.

कपड्यांची चिंता नको. दोन-तीन संध्याकाळी जरा ठेवणीतले कपडे घालायची पद्धत असते. तुमची एक रेशमी साडी आणि त्यांचा बंद गळ्याचा कोट त्या खोलीत सर्वांत शोभून दिसेल. धुण्याची यंत्रे अनेक जहाजांवर असतात, पण समुद्रातल्या दिवशी सकाळी तिथे रांग लागते. बंदराच्या दिवशी सगळे उतरलेले असताना जावे.

परतीचे चार दिवस जाण्याच्या चार दिवसांसारखे नसतात, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मन खट्टू होणार नाही. जाताना ईशान्येचा वारा पाठीमागून येत असतो आणि बोटही त्याच दिशेने पळत असते, त्यामुळे डेकवर हवा जवळजवळ थांबल्यासारखी वाटते. येताना वाऱ्याचा वेग आणि बोटीचा वेग एकमेकांत मिसळतात, समोरून लाट येते, बोट अधिक उसळते आणि पुढच्या डेकवर उभे राहणेही कठीण होते. शिवाय बेटे पाहून झालेली असतात, थंडी पुन्हा वाढत जाते आणि माणसे मनाने घरी पोहोचलेली असतात. ठरवलेला दिनक्रम सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो इथेच. विणकामाचा गट आता ओळखीचा झालेला असतो, हुलाच्या वर्गाची तालीम रंगात आलेली असते, यजमानांच्या नकाशावर परतीचे ठिपके पडू लागलेले असतात. फोटो आताच निवडून त्यांना नावे द्या. घरी गेल्यावर ते राहून जाते. मध्येच एखादा दिवस काहीही न करता गेला, तरी तो वाया गेला असे मानू नका. दुपारी ग्रंथालयातल्या खुर्चीत बसून दोन तास नुसते पाणी पाहिले, तर त्याबद्दल कोणालाही हिशेब द्यायचा नाही.

एन्सेनाडानंतरच्या शेवटच्या दिवशी बॅगा भराव्या लागतात. रात्री त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवल्या की कर्मचारी घेऊन जातात आणि दुसऱ्या सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. म्हणून सकाळी घालायचे कपडे, चपला, चष्मा, औषधे आणि पासपोर्ट आधीच बाजूला काढून हातातल्या पिशवीत ठेवा. रात्रीच्या कपड्यांखेरीज सगळे बॅगेत भरून टाकणारे प्रवासी प्रत्येक फेरीत असतात. ज्यांच्याशी ओळख झाली त्यांचे पत्ते मात्र आदल्या दिवशीच लिहून घ्या; उतरण्याच्या सकाळी प्रत्येकाची वेळ वेगळी असते आणि त्या गर्दीत कोणी कोणाला सापडत नाही.